ओलगे ओलगे, सिक्स सेव्हन

विनोद समजावून सांगितला की मरतो, असं जाणकार म्हणतात. हे जाणकार बहुधा एकाच भाषेत उठत, जेवत आणि झोपत असावेत. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या चिटगुप्प्यात समजावून सांगितल्याशिवाय विनोद जन्मालाच येत नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि जहीराबादकडचा पाहुणा आला की तेलुगू. चहाच्या टपरीवर एकाने काही फेकलं की पहिला लगेच हसतो, दुसरा अर्थ विचारून हसतो आणि तिसरा, हे दोघे का हसले ते कळल्यावर हसतो. एका विनोदाला तीन हशे. पुण्यामुंबईच्या विनोदी लेखकांना एवढी कमाई कुठली?

त्यामुळे मोबाइलवर मीम आले तेव्हा आम्ही डगमगलो नाही. 'धनंजय माने इथेच राहतात का' हे मराठी पोरांचं लाडकं मीम. टेलर चाचांना ते समजावायला बसलो, तर गोष्ट निम्म्यावर असतानाच ते म्हणाले, "हौ हौ, वो तो पुरानी पिक्चर है." त्यांच्या डोळ्यांपुढे हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा 'बीवी और मकान' होता. हे माने ज्यातले, तो 1988 चा 'अशी ही बनवाबनवी' त्यावरूनच निघालेला. शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णांना 2003 चा कन्नड 'ओळु सार बरी ओळु' आठवला. तेलुगूतही तो झालेला आहेच. भाड्याच्या खोलीसाठी साडी नेसणारा पुरुष चारही भाषांना ठाऊक. फक्त माने कुठे राहतात एवढंच सांगायचं बाकी होतं.

माल उलट्या दिशेनेही येतो. 2019 च्या डिसेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडला पोटनिवडणूक होती. प्रचारसभेत सिद्धरामय्यांचं भाषण रंगात आलेलं असताना गर्दीतून कुणीतरी ओरडलं, 'हौदु हुलिया!' म्हणजे होय रे वाघा. बघता बघता सगळ्या कर्नाटकाच्या मोबाइलवर तो वाघ फिरला. आमच्याकडे तर कन्नड न बोलणारेही सिक्सर बसल्यापासून वरणात मीठ नेमकं पडेपर्यंत कशालाही 'हौदु हुलिया' ठोकू लागले. तसंही इथून जवळच, हुमनाबादच्या माणिकनगरात, माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकातच मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचून ठेवली आहेत. भाषेच्या शिवेचं आम्हाला कौतुक नाही.

अडचण येते ती पुण्यातल्या सख्ख्या भाचीची. ती मराठी बोलते, असा तिचा दावा आहे.

येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या आमच्या सणाला, अक्काने घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. डोक्यावर घोंगडं, हातात आंबिलीचं गाडगं, तोंड उघडं. खाली भाचीचं उत्तर आलं : कवटी. नुसती कवटी, सोबत अक्षर नाही. अक्काने चष्मा लावला, कवटी बोटांनी मोठी करून पाहिली आणि फोन लावला.

"काय गं, सणासुदीला कवटी पाठवूलालीस?"

"अगं मावशी, मी मेले!"

"कुठं?"

"फोटो बघून गं. हसून हसून."

"मग हसायचं तोंड असतंय की त्याच्यात. पिवळं. डोळ्यातनं पाणी येणारं."

"ते म्हातारी माणसं पाठवतात, मावशी."

ऑक्सफर्डवाल्यांनी ते पिवळं तोंड 2015 साली वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. इतक्यात त्याला पेन्शन लागली. अक्काने फोन ठेवला आणि दृष्ट उतरवायला ग्रुपवर निळा डोळा टाकला. तो भाचीला फार आवडला.

तिचा धाकटा भाऊ शाळकरी आहे. तो पुढच्या येळवशीला आला तो 'सिक्स सेव्हन' ओरडतच. दोन्ही तळवे वर-खाली करायचे आणि ओरडायचं. स्क्रिला नावाच्या अमेरिकन रॅपरच्या गाण्यातून हे उठलं आणि डिक्शनरी डॉट कॉमने 2025 सालचा शब्द म्हणून त्याला मान दिला. अर्थ काय? काही नाही. आकड्यांत बोलायला आमची ना नाही. छत्तीसचा आकडा आम्हीही काढतो. पण त्यात तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात तरी. चारसौबीसला दंडसंहितेचं कलम होतं. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 झालं, तरी कुणाला 'तीनशे अठरा' म्हणून पाहा, तो आशीर्वाद समजून पाया पडेल. सहा-सातला मात्र कलमही नाही आणि पाठही नाही. टेलर चाचांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "नाप होंगा किसी का."

दुपारी आम्ही शेतात होतो. कडब्याची कोप, आत चुना लावलेले दगडांचे पांडव, पूजा झालेली. मी रिवाजाप्रमाणे घोंगडं घेऊन पिकावर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' असा पुकारा सुरू केला. पोरगा मागून आला.

"मामा, ओलगे म्हणजे काय?"

मी सांगितलं, कन्नड आहे, अण्णांना विचार. अण्णा म्हणाले, छे, हे तुमचं मराठी. आमच्याकडे 'हुलिगो हुलिगो' म्हणतात.

"मग हुलिगो म्हणजे काय?"

अण्णांनी भज्जीचा मोठा घास घेतला.

पोराने थोडा वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या हातातलं गाडगं घेतलं आणि हरभऱ्याच्या कडेने 'ओलगे ओलगे, सिक्स सेव्हन' करत धूम ठोकली. शेजारच्या शेतातूनही लगेच साद आली. सगळी, आकड्यांसकट.

येळवस मार्गशीर्षातल्या अमावास्येला असते. जरूर या. भज्जी, उंडे, आंबील पोटभर मिळेल. अर्थ मात्र विचारू नका. त्यावरून अण्णांचं आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही.