काटा, गळती आणि सल्लागार मंडळ

केदारखेड्यात भर रस्त्यावर गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे ग्रामसभा बोलावण्यासारखंच. फरक एवढाच, की ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, बॉनेट कधीच होत नाही. जालन्याहून राजूर मागं टाकून भोकरदनकडं निघालं की पूर्णेच्या काठी हे गाव लागतं. तिथं बॉनेटचा दांडा लावेपर्यंत चारजण कोपर टेकून आत डोकावलेले असतात, आणि पाचवा विचारतो, "कामून उघडलं?"

आमच्या गाडीची तक्रार दुहेरी होती. टेंपरेचरचा काटा मधेच 'एच'कडं उडी मारायचा आणि आपण घाबरून गाडी कडेला घेईपर्यंत शहाण्यासारखा मधोमध येऊन बसायचा. शिवाय कूलंटची टाकी हळूहळू रिकामी होत होती, आणि गाडीखाली बघावं तर सगळं कोरडं. पाणी नेमकं कुठं जातं हे न कळणं मराठवाड्याला नवं नाही; पण निदान बॉनेटखाली तरी हिशेब लागावा, अशी माझी अपेक्षा होती.

उन्हाळ्यातल्या एका अंगारकीला आत्याला राजूरच्या गणपतीला नेलं. पायी येणाऱ्यांची ही गर्दी, गाडी मुंगीच्या पावलानं. गाडी पळत असली की वारा रेडिएटर थंड ठेवतो. रखडली की सगळी मदार पंख्यावर. काटा चढला. हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत काढून घेता येते, हे मी ऐकून होतो. सोडला. काटा खरंच जरासा उतरला. आत्या पदरानं घाम टिपत म्हणाली, "पायी आले असते तर एवढी भाजले नसते रे."

दुसऱ्या दिवशी केदारखेड्याच्या टपरीसमोर सल्लागार मंडळ बसलं. टपरीवाल्या मामांनी चहा गाळता गाळता निकाल दिला, "थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्याकडं उन्हाळ्यात त्याचं काय काम?" हा सल्ला आपल्याकडं इतका चालतो, की बऱ्याच जुन्या गाड्यांना आपल्याला थर्मोस्टॅट होता हेही आठवत नसेल. वास्तविक तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनाला नीट तापू देतो. तो काढला की इंजिन गारठलेलं राहतं आणि डिझेल जास्त पितं.

मग ट्रकवर आयुष्य काढलेले बापू पुढं सरसावले. "मूठभर हळद टाक रेडिएटरात. गळती जागच्या जागी बंद." हळदीला मी नावं ठेवणार नाही. घाटात रात्री दोन वाजता तिनं अनेकांची अब्रू राखली आहे; पूड गळतीच्या छिद्रात जाऊन अडकते आणि गाडी घरी पोचते. पण छिद्र कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली, हा भेद हळदीला कळत नाही.

निवृत्त गुरुजींना मात्र प्रत्यक्ष प्रयोग हवा होता. ते सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाले. दोघांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं; झाकणानं दाब धरला की तेच १२५च्या पुढं जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. गुरुजी म्हणाले, "मला ठाऊक आहे, मी तेच दाखवणार होतो."

या गोंधळात गावातला वायरमन पोरगा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "भौ, हेडलाइट लावा बरं." लावली. काटा टुणकन वर. बंद केली, खाली. "इंजिन काय दिव्याच्या उजेडानं तापतं व्हय? अर्थिंग सैल आहे." सेन्सर तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, आणि त्यावरून काटा हलतो. अर्थची वायर ढिली असली तर दिव्यांचा भार काट्याच्या हिशेबात मिसळतो. स्क्रू काढला तर त्याखाली हिरवट गंज. कानशीनं घासून आवळला. काटा सुतासारखा सरळ.

मंडळानं टाळ्या वाजवल्या, पण टाकी रिकामी होत होती ती होतच होती. शिवाय काटा शांत झाला म्हणून आपणही शांत व्हावं असं नाही. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खुशाल खाली येऊन बसतो.

गळतीचा छडा भोकरदनच्या मिस्त्रीनं लावला, तोही टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. रात्री तो गाडीखाली सरकवायचा, पहाटे काढायचा. दिवसा एसीचं पाणीही टपटपतं, त्यामुळं मंडळाला गळती घडीघडीला सापडत होती. पण ते पाणी नितळ असतं आणि वाळलं की मागं काही उरत नाही. पुठ्ठ्यावर मात्र हिरवा ठिपका होता, बोटाला बुळबुळीत. एकजण चव बघायला निघाला, "गोड असतंया म्हणं." गोडच असतं, आणि विषारीही, कुत्र्यामांजरांच्या वाट्याला तर जाऊच देऊ नये. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लॅम्प सैल होती. इंजिन गार झालं की रबर आकसायचं आणि पहाटे थेंब सुटायचे. गरम झालं की फुगून गळती बंद. म्हणूनच तपासायला नेलं की गाडी ठणठणीत.

मिस्त्रीनं तेवढ्यात बाकीचंही बघून घेतलं. आतला गालिचा ओला नाही, म्हणजे हीटरचा रेडिएटर शाबूत. सायलेन्सरातून पांढरा धूर नाही, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नाही, म्हणजे हेड गॅस्केट वाचलं. नाहीतर बॉनेटआधी पाकीट उघडावं लागलं असतं. नवी क्लॅम्प बसली आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर मिसळून कूलंट भरलं.

परतताना टपरीवर थांबलो. बापूंनी सगळं ऐकून घेतलं, बिल किती झालं विचारलं, आणि मामांकडं वळून म्हणाले, "एवढ्या पैशात किती हळद आली असती, सांगा बरं."