रवानगी प्रलंबित

अमेरिकेत मोबाइलची कंपनी बदलू पाहणाऱ्या इसमाची जुनी कंपनी जी मनधरणी करते आणि नवी कंपनी जे आदरातिथ्य करते, ते पाहता आपण दोन सत्तांनी फितवू पाहावा असा कोणी मातबर किल्लेदार आहोत, असा त्याचा समज झाल्यास नवल नाही. न्यू जर्सीतील आमच्या घरी तो समज मी मोठ्या इतमामाने बाळगला होता. दोन फोन 'फुकट' मिळणार होते. फुकट म्हणजे किंमत आपल्या नावे मांडायची, 36 महिन्यांच्या बिलांतून ती थोडी थोडी वजा द्यायची, आणि मध्येच कोणी कंपनी सोडल्यास बाकी एकदम वसूल करायची! ही कलमे मी वाचली होती. परंतु महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, ऐन आरतीच्या वेळी, माझा नवा फोन चारचौघांच्या दृष्टीस पडावा ही आकांक्षा कलमांहून बलवत्तर होती.

आपला क्रमांक सोबत नेण्याची मुभा येथे 2003 पासून आहे. त्यामुळे क्रमांक काही तासांतच नव्या दप्तरी रुजू झाला. फोन मात्र येईना. जुना फोन जुन्या कंपनीने कुलूपबंद केलेला, सबब नवे सिम त्यात निरुपयोगी. घरच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालते, म्हणून सुप्रभातांचे संदेश तेवढे न चुकता येतात. पार्सलाचा तपास करावा, तर मजकूर एकच : 'लेबल तयार झाले आहे.' आणि सही घेतल्याखेरीज माल हवाली होत नसल्याने मी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा चढवून खिडकीशी बसतो. सही करणारा सहीला शोभेसा दिसावा!

कुलुपावरून आठवले. पुण्यात वडिलांनी टेलिफोनचा अर्ज केला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आणि ते काळे यंत्र घरी आले तेव्हा कॉलेजात. बिलाच्या धास्तीने वडिलांनी तबकडीच्या एका छिद्रात इवलेसे पितळी कुलूप अडकवले व किल्ली जानव्याला बांधली. पण रिसीव्हर उचलून त्याखालची खुंटी बेताने, आकड्याबरहुकूम टिचकावली की कुलूप असूनही नंबर लागे. पाचाला पाच टिचक्या, शून्याला दहा. ही विद्या मला अवगत आहे हे वडिलांना ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला. दोघांनीही कधी वाच्यता केली नाही. मी अमेरिकेस निघालो त्या आठवड्यात त्यांनी ते कुलूप काढले, आणि पुन्हा लावले नाही. येणाऱ्या फोनला कुलुपाची आडकाठी नसते हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

या कंपन्यांच्या कुलुपाला टिचकवायला खुंटी नाही, आणि किल्ली ज्याच्या जानव्याला आहे तो 'आपला कॉल आम्हांस महत्त्वाचा आहे' एवढेच बोलतो. याचा मात्र मला मनस्वी संताप येतो.

तूर्त निकडीचे काम असेल त्यांनी शेजारी फोन करून आम्हांस बोलावून घ्यावे. पुण्यात असल्या क्रमांकापुढे आम्ही 'पी.पी.' लिहीत असू; येथील शेजारी अमेरिकन खरा, पण कुंपणापलीकडून हाक मारायला तो उत्तम शिकला आहे.