गुरांमध्ये समावेश होणेबाबत

लोकलच्या गर्दीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "गुरांसारखं कोंबतात हो माणसांना!" परवा आमच्या डोंबिवलीच्या गटातही कुणी तरी म्हणालं आणि मला राहवलं नाही. ही तुलना साफ चुकीची आहे आणि गुरांवर अन्याय करणारी आहे. गुरांना कोंबायला या देशात कायद्यानं बंदी आहे.

केंद्र सरकारनं 1978 साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले. सवडीनं वाचावेत असे आहेत, आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीत सवडीला तोटा नसतो. ब्रॉडगेजच्या साध्या वॅगनमध्ये दहापेक्षा जास्त मोठी गुरं भरायची नाहीत. दर जनावरामागे सरासरी 2 चौरस मीटर जागा हवी. खाली पेंढ्यासारखं काही मऊ अंथरायचं, तेही 6 सेंटिमीटरपेक्षा पातळ नको, कारण बसल्या-झोपल्या जनावराच्या अंगाला लागता कामा नये. चढवण्याआधी चारा-पाणी द्यायचं आणि वाटेतली वैरण सोबत ठेवायची. वारा खेळता राहावा म्हणून एका बाजूचं वरचं दार उघडं ठेवायचं. प्रत्येक वॅगनला निदान एक माणूस सोबतीला. आणि निघण्यापूर्वी पशुवैद्याचा दाखला घ्यायचा, की सदर जनावर हा प्रवास करण्यास समर्थ आहे.

दाखल्यापाशी मी अडखळलो. हा प्रवास तुम्हाला झेपेल का, असं आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. पासच्या खिडकीवर फक्त "महिना की तीन महिने?" एवढंच विचारतात.

आता आमचा हिशोब. मुंबईच्या गर्दीसाठी रेल्वेच्या तांत्रिक भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी खास संज्ञा आहे. उभं राहण्याच्या 1 चौरस मीटर जागेत 14 ते 16 माणसं, असा तिचा अर्थ. म्हणजे एका बैलाच्या वाट्याच्या जागेत आम्ही 28 ते 32. तिकडे 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा 14 डबे होते आणि 400 पाहुणे. भागाकार करा, डब्यामागे जेमतेम 28 येतात. तेव्हा अख्ख्या डब्यात होती तेवढी माणसं आज एका बैलाच्या जागेत बसवून, चुकलो, उभी करून दाखवली आहेत. दीडशेहून अधिक वर्षांत रेल्वेनं प्रगती केली नाही असं कोण म्हणतं?

माणसांसाठी कायदाच नाही, असंही समजू नका. 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 57 आहे. प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी न्यायचे ते प्रशासनानं ठरवावं आणि तो आकडा हिंदीत, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत डब्यावर ठळकपणे लावावा, असं त्यात लिहिलं आहे. मी तो आकडा शोधायचं ठरवलं. माझं तोंड ज्या दिशेला होतं तिथे मूळव्याधीवर हमखास इलाज, वशीकरण आणि घरबसल्या कमाई एवढ्याच पाट्या होत्या. उरलेला डबा बघायला मान वळवावी लागली असती. ती ठाण्यापर्यंत वळली नाही.

कलम 156 मात्र सगळ्यांना पाठ आहे. रेल्वे कर्मचाऱ्यानं हटकल्यावरही जो पायरीवर किंवा टपावर उभा राहून प्रवास करील तो गुन्हेगार. डोंबिवलीला सकाळी आठच्या सुमाराला हटकणारा कर्मचारी माझ्यापर्यंत पोचला, तर मी त्याचा सत्कार करीन. कुठून आलात आणि कसे आलात, तेवढं सांगा म्हणावं. आम्हालाही त्या वाटेनं आत जायचं आहे.

आत जायचा प्रश्न जुना आहे. दारातल्या प्रत्येकाची ठाम समजूत असते की आत मोकळं मैदान आहे. "अहो, आत सरका, आत सगळं रिकामं आहे!" आतले म्हणतात, "काका, या की मग, क्रिकेट खेळू." परवा एका मुलाचा उजवा पाय डब्यात होता, डावा पायरीवर आणि डबा भरलेली पिशवी तिसऱ्याच माणसाच्या मांडीवर. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या त्या गृहस्थांनी ती घाटकोपरपर्यंत सांभाळली. उतरताना पोरगं म्हणालं, "थँक्यू काका." काका म्हणाले, "भाजी भेंडीची आहे का रे? वास चांगला येत होता."

गर्दी का होते, याचं उत्तर रेल्वेकडे तयार असतं : लोक फार झाले. गाडी उशिरा का येते, याचीही उत्तरं तयार असतात, फक्त ती ऋतुमानानुसार बदलतात. पावसाळ्यात कुर्ल्याला नाही तर सायनला रुळांवर पाणी. थंडीत रूळ आकसतो आणि त्याला तडा जातो. उन्हाळ्यात तोच रूळ प्रसरण पावतो. पहाटे वांगणीकडे धुकं असतं. तिन्ही ऋतूंना पुरून उरेल असा 'तांत्रिक बिघाड' कायमचा राखीव. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे आठवडाभराच्या उशिराची डागडुजी. यावर उपाय म्हणून आम्ही वेळापत्रक वेळेसाठी बघणंच सोडलं आहे. आमची आठ-बाविसची आठ-बाविसला आली तर फलाटावर घबराट होते, कारण ती सात-पन्नासची असण्याची शक्यताच जास्त.

मेल-एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी लोकल थांबवतात, ही तर आमच्या वाडवडिलांची तक्रार. त्यावर औषध म्हणून ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मधल्या काळात आमच्या गटातल्या एकाचं लग्न झालं, मुलगा झाला आणि तो मुलगा स्वतःचा पास काढून याच लायनीवर शाळेत जाऊ लागला. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जतच्या बाजूला वाढीव मार्गिकांची कामं चालू आहेत. बदलापूरकरांनी आपल्या नातवंडांना शुभेच्छा देऊन ठेवायला हरकत नाही.

2022 च्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या आल्या, तेव्हा कळव्याला आणि बदलापूरला माणसं भडकली होती. थंड हवेला त्यांचा विरोध नव्हता. पण जिच्यात आपण लोंबकळत का होईना मावतो ती गाडी काढून, जिचं तिकीट परवडत नाही ती समोर उभी केली, तर माणूस हवा खाऊन घरी कसा जाणार?

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लोंबकळणारी माणसं रुळांवर पडली. काही दगावली. रोज त्या वळणावर आमचा सगळा दरवाजा आजही क्षणभर गप्प होतो. त्या अपघातानंतर घोषणा झाली की आता गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवणार. चांगलंच आहे. दार बंद होईल. पण दारात उभा असलेला आठवा माणूस दाराच्या कुठल्या बाजूला राहील, ते कुणी सांगितलेलं नाही. आत जागा नव्हती म्हणून तर तो दारात होता. तो फलाटावर राहिला, तर रेल्वेच्या दप्तरी अपघात कमी होतील आणि त्याच्या हापिसात खाडे वाढतील.

हा सगळा विचार करून मी अर्जाचा मसुदा तयार केला आहे. विषय : उपनगरी प्रवाशांचा गुरांमध्ये समावेश होणेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे पासधारक असे कळवितो की, माणूस म्हणून मिळणाऱ्या सर्व सोयी-सवलतींवरचा हक्क आम्ही राजीखुशीनं सोडत आहोत. त्या बदल्यात 1978 च्या नियमांप्रमाणे आम्हाला गुरं समजण्यात यावं. 2 चौरस मीटरचा आग्रह नाही, अर्ध्यावर भागवू. पेंढा नको, कपड्यांना चिकटतो. पशुवैद्य मात्र हवा आणि तो सकाळच्या गाडीला फलाटावरच बसवावा. शक्यतो गुरांची ने-आण रात्री करावी आणि दिवसा त्यांना उतरवून विसावा द्यावा, असं नियमांत आहे. ते आमच्या साहेबांना लेखी कळवावं.

गाडीतच मी अर्ज मोठ्यानं वाचला. दाद मिळाली. भजनवाल्यांनी टाळ थांबवून ऐकलं. पण एका वॅगनमध्ये दहाच, हा नियम वाचला आणि गटात फूट पडली. दहा कोण? खिडकीजवळचे काका म्हणाले, "आम्ही उलटे कल्याणला जाऊन बसून येतो, आमचा पहिला हक्क." बदलापूरचा एक जण म्हणाला, "गाडी आमची आहे, डोंबिवलीकरांनी मुळात चढूच नये." मग दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, की दिव्याच्या लोकांना अजिबात घ्यायचं नाही. एवढ्यात दिवा आलं. दारातल्या आमच्याच पोरांनी दोन्ही हात दांड्यांना लावून भिंत केली, बाहेरच्यांनी शिव्या दिल्या, आतून त्या परत गेल्या आणि तरीही चौघे घुसलेच. त्यातला एक माझ्या छातीशी येऊन टेकला आणि हातातला कागद बघून म्हणाला, "कसला अर्ज? मी पण सही करतो."

पेन माझ्या खिशात होतं. खिशापर्यंत हात न्यायला दोघांपैकी कुणालाच जमलं नाही.