केळीच्या बागेतून केळीच्या बागेत

रावेर तालुक्यात, केळीवाल्याच्या घरी जन्मून मी वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एकही घड खांद्यावर घेतला नव्हता. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी कापणीच्या दिवशी नेमका ताप यावा लागतो, किंवा जळगावला प्रॅक्टिकल निघावं लागतं. घरापासून बाग दोनशे पावलांवर, त्यामुळे बहाणाही ताजाच लागतो.

२०२२ साली भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार झाला. कुणाला काय स्वस्त मिळणार ते पेपरवाल्यांनी रकाने भरभरून छापलं. माझ्या कामाचं कलम एकच होतं : अठरा ते तीस वयाच्या १००० भारतीयांना दरवर्षी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा. इच्छुक फार, म्हणून २०२४ मध्ये सोडत काढली. २५ डॉलर भरायचे आणि म्हाडाच्या घराची बघतात तशी वाट बघायची. आमच्या घराण्यात म्हाडाचं घर कुणालाच लागलेलं नाही. मला ऑस्ट्रेलिया लागला.

बँकेत पाच हजार डॉलर दाखवायचे होते, ते अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, केळीच्या पैशातून दाखवले. मग चष्मा लावून व्हिसाचं नाव दोनदा वाचलं.

“वर्क समजलं,” ते म्हणाले. “पन हॉलिडे तं तू अठीच करून राह्यला.”

आईने वेफर्सची पिशवी दिली. अर्थात केळ्याचे.

केर्न्सच्या विमानतळावर एक कार्ड भरायचं असतं. त्यात प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत तुम्ही शेताच्या संपर्कात आला होतात का? घरच शेतात, तेव्हा ‘हो’वर खूण केली. लगेच मला बाजूला घेतलं आणि बूट काढायला लावले. अधिकाऱ्याने तळवे उलटे करून बॅटरीच्या उजेडात तपासले. मातीचा एक कण नाही. “व्हेरी क्लीन,” तो कौतुकाने म्हणाला. हेच वाक्य अण्णा माझ्या बुटांबद्दल गेली दहा वर्षं म्हणत होते, फक्त सूर वेगळा असायचा.

दोन महिने केर्न्सच्या एका कॅफेत कपबशा विसळल्यावर ज्ञान झालं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर तीन महिने ठरावीक भागात ठरावीक काम करावं लागतं. बहुतेकांच्या वाट्याला शेतकामच येतं. म्हणून पॅरिस, मिलान आणि तैपेईची, डिग्री खिशात असलेली पोरं ऑस्ट्रेलियाच्या चिखलात सापडतात. एका एजंटबाईने मला दक्षिणेला १४० किलोमीटरवरच्या टली नावाच्या गावी पाठवलं. पीक कोणतं, ते विचारायचं राहिलं.

ब्रूस हायवेवर दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा जिवात जीव आला. ऊस म्हणजे कोल्हापूर, आपल्याला काय! मग ऊस संपला आणि ओळखीची पानं दिसू लागली. मैलच्या मैल, वाऱ्याने फाटलेली, घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेली. बसमध्ये मी एकटाच मोठ्याने “अरे देवा” म्हणालो.

टलीत पाहण्यासारखी वस्तू एकच, सोनेरी गमबूट. उंची ७.९ मीटर. १९५० साली गावात तेवढा पाऊस पडला होता, त्याचं हे स्मारक. बुटावर एक भलाथोरला बेडूक चढतोय आणि आतून जिना आहे. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. ते मनात भागाकार करत गप्प झाले.

“आपला अकरा वर्साचा पाऊस झाला तो,” शेवटी म्हणाले. “तठी ठिबक कोन घेते मंग?”

बागेच्या फाटकाशी औषधाच्या पाण्याचं कुंड होतं. बूट घासून, बुडवूनच आत जायचं. २०१५ मध्ये या खोऱ्यात पनामा रोगाचा नवा, जहाल प्रकार सापडला. तो मातीतून पसरतो आणि एकदा आला की मातीतून जात नाही, त्यामुळे हे सोवळं. आमच्या आजीने देवघराला लावलं नसेल इतकं कडक.

काम दोघांचं. एकजण कोयत्याने खोडाला खाच देतो, झाड वाकतं, घड खाली येतो. दुसऱ्याने खांदा द्यायचा आणि घड ट्रेलरपर्यंत न्यायचा. मी दुसरा. घड पन्नास किलोच्या घरात, मी अठ्ठावन्नचा. पहिला घड खांद्यावर आला आणि आम्ही दोघं शांतपणे चिखलात बसलो. तेवढ्यात घडातून एक हिरवा बेडूक निघाला, माझ्या कॉलरमधून आत गेला आणि पाठीवरून फिरून पँटच्या पट्ट्यापाशी मुक्कामाला थांबला. सोबतच्या फ्रेंच पोराने सांगितलं, बेडूक निघाला हे नशीब, कधी कधी साप असतो.

दहाला मुकादम ओरडला, “स्मोको!” मी नम्रपणे सांगितलं की मी सिगारेट ओढत नाही, आणि घड उचलत राहिलो. चार दिवसांनी कळलं की स्मोको म्हणजे चहाची सुट्टी. चार दिवस बागेत माझी कष्टाळू म्हणून ख्याती होती. पाचव्या दिवशी संपली.

माझे वडील केळीच पिकवतात हे मुकादमाला कळलं तेव्हा त्याने टोपी मागे सारली.

“तुमच्या घरी केळीची बाग आहे?”

“हो.”

“मग तू इथे काय करतोयस?”

ताशी तीस डॉलरच्या आसपास मिळतात, हे उत्तर मी अण्णांसाठी राखून ठेवलं होतं. अण्णांनी त्याचे रुपये केले आणि भलतंच विचारलं, “मंग मालकाले परवडते कसं?”

हे मी मालकालाच विचारलं. तो २०११ च्या यासी चक्रीवादळावर बोलू लागला. बागा आडव्या झाल्या आणि देशभर केळी किलोला दहा डॉलरच्या वर गेली. मी हे घरी कळवलं.

“आपली तं दर जूनमधी आडवी होते,” अण्णा म्हणाले. “भाव बी संगच आडवा.”

पॅकिंग शेडमध्ये मात्र मी फोनचा कॅमेरा बंद केला. तिथे सालीवर जरा ओरखडा दिसला की फणी कचऱ्यात जाते. अण्णांनी ते पाहिलं असतं तर पुढच्या विमानाने आले असते.

भरताचा प्रसंग थोडक्यात सांगतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात वांगं भाजलं, धुराची घंटा वाजली आणि रात्री साडेनऊला चाळीस माणसं, अर्धी टॉवेलवर, टलीच्या पावसात उभी राहिली. नंतर समेटासाठी मी सगळ्यांना भरीत वाढलं. हिरव्या मिरचीमुळे समेट झाला नाही.

वर्षभराने परतलो. अण्णांनी माझा उजवा खांदा दाबून पाहिला, बैलाचं वशिंड बघावं तसा.

“दिवसाले किती घड?”

“शंभरेक.”

“उद्या पाचाले ये. एक मानूस कमी हाये.”

मी मजुरी विचारली. “स्मोको देतो,” अण्णा म्हणाले.

कापणी उरकून जळगावला एमएस्सीच्या प्रवेशाला गेलो. खिडकीतून विचारणा झाली, “मध्ये वर्ष गेलंय, गॅप सर्टिफिकेट कुठाय?” कोर्टासमोरच्या टायपिस्टकाकांकडे मजकूर तयारच होता : सदर कालावधीत मी घरीच होतो, कोठेही प्रवेश घेतला नाही व कोठेही काम केले नाही. मी म्हटलं, काका, मी ऑस्ट्रेलियात केळीचे घड वाहत होतो.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वाहिले असतील,” ते म्हणाले. “पण फॉरमॅटमध्ये बसत नाही. आणि खाडाखोड केली तर स्टॅम्पपेपर नवा लागेल.”

मी सही केली.