नेटवाले भाऊ

तुमसरच्या बाजारात त्यांना नुसतं ‘नेटवाले भाऊ’ म्हणतात. असे भाऊ साकोलीला आहेत, पवनीलाही आहेत. पाठीवर सॅक, खिशात टेस्टर आणि मोबाइलवर दिल्लीच्या सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या सूचना. या सूचना अख्ख्या जिल्ह्यात आपण एकटेच वाचतो अशी प्रत्येक भाऊची खात्री असते, आणि ती फारशी चुकीची नसावी.

राइस मिलच्या ऑफिसात राउटर लक्ष्मीच्या फोटोशेजारी बसलेला असतो. दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते, त्यात त्यालाही कुंकू लागतं. नेमकं मॉडेल नंबरावर. भाऊंना आधी तोच नंबर हवा असतो. ते रुमाल काढतात, तोच शेठ ओरडतात, “पुसू नका जी, पूजेचं हाये!” मग भाऊ डबा तिरपा धरतात, जाळीतला कोंडा फुंकतात आणि कुंकवाखालचा एकेक आकडा मोबाइलच्या उजेडात वाचतात.

नंबर कुठल्याही कंपनीचा निघो, भाऊ आधी २०२३ ची कथा लावतात. टीपी-लिंकच्या ‘आर्चर एएक्स२१’ राउटरमध्ये देश निवडायचा एक रकाना होता. त्यात देशाच्या जागी कोणी आज्ञा घुसवली, तर राउटर पासवर्डही न विचारता ती पाळायचा, तीही थेट ‘रूट’च्या, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती काढली. एप्रिलमध्ये ‘मिराई’ या मालवेअरवाले त्याच वाटेने शिरून, ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे राउटर आपल्या फौजेत ओढू लागले.

“देशाच्या रकान्यात देशच हाये का, एवढं तं पाहा लागते ना!” भाऊ कळवळतात. शेठचा चेहरा कोराच. मग भाऊ मिलच्या भाषेवर येतात.

“समजा, तुमी हमालाले चिठ्ठी देली, दहा पोते उतरव. खाली दुसऱ्याच कोणी लिवलं, अन् गल्ला घेऊन ये. त्यानं दोनी कामं केली तं?”

“आपला हमाल तसा नाही जी.”

“हमाल नाही, डबा तसा हाये!”

“मंग काढा त्याले कामावरून.”

इथे भाऊंना राहवत नाही. २०२३ मध्येच बाराकुडा कंपनीच्या ईमेल गाळणाऱ्या यंत्रात याच जातीची चूक निघाली होती. आज्ञा लपली होती जोडलेल्या टार फाइलच्या आतल्या फायलींच्या नावांत. कंपनीने पॅच दिला, तरी जूनमध्ये बाधित ग्राहकांना सांगितलं की यंत्रच बदला. भाऊ हे उत्साहाने सांगतात आणि फसतात.

“अस्सं! म्हणजे नवीन डबा विकाचा हाये तुमाले.”

अर्धा तास शपथा घेण्यात जातो.

खरं काम दहा मिनिटांचं. पण राउटरमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, चढताना वीज गेली तर डब्याची वीट होते, आणि मिलची मोटर सुरू झाली की ऑफिसातले दिवे मान टाकतात. भाऊ म्हणतात, मोटर थांबवा. शेठ म्हणतात, हंगाम आहे. शेवटी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरचा यूपीएस काढून राउटरला लागतो. बाहेर धानाचे ट्रक खोळंबतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात आणि आत सगळे जण एका हिरव्या दिव्याकडे पाहत उभे. मग भाऊ बाहेरून लॉगिन करायची सोय बंद करतात, मिलच्या नावापुढे एक-दोन-तीन असलेला पासवर्ड बदलतात आणि नवा शेठच्या कानात सांगतात. शेठ तो मुनीमजींना ओरडून कळवतात.

जोडून घुसवलेली आज्ञा पाळायची नाही, या तत्त्वाचा भाऊंच्या घरी वहिनींना जाच आहे. “दूध आणा, अन् येताना दळण घेऊन या,” म्हटलं की भाऊ फक्त दूध आणतात. ‘अन् येताना’च्या पुढचं सगळं त्यांच्या लेखी घुसखोरी. वहिनींनी यावर पॅच काढला आहे: प्रत्येक कामाला वेगळा फोन.

मिलमध्ये मात्र पॅचचं काही चालत नाही. बिल पुढे केलं की शेठ हिशोब मांडतात, “नेट आधी बी चालूच होतं, आता बी चालूच हाये. मंग पैसे कायचे?” न घडलेल्या चोरीचं बिल कसं फाडायचं, हे सर्ट-इनच्या कुठल्याही सूचनेत लिहिलेलं नाही. तो मार्ग भाऊंनी स्वतःच शोधला. हल्ली ते मिलमध्ये शिरले की रामराम करता करता आधी हळूच राउटरची वायर उपटतात.