नर्सिंगमध्ये डॉक्टर व्हा : सातारा-सांगलीकरांसाठी प्राथमिक पुस्तिका

बारावीला सायन्स घेतलंत तेव्हा आजी गावभर सांगत होती, नात डॉक्टर होणार. तिचा शब्द खरा करण्याची वाट अजून उघडी आहे. हिशेब असा : बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षं, मग निदान वर्षभराचा अनुभव, एम.एस्सी.ची २ आणि पीएच.डी.ची किमान ३. म्हणजे कागदावर अठ्ठाविसाव्या वर्षी नावामागे 'डॉ.' लागतं. कागदावर लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं बायपास आणि नाईट ड्युटी नसते, म्हणून प्रत्यक्षात चाळिशी धरून चाला. जीएनएम करून आलेल्या ताईंनी आणखी थोडी वाढवून धरावी.

डॉक्टरेट कोणती, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस नावाची पदवी असते. केंटकी विद्यापीठानं ती २००१ साली सुरू केली. तिच्यासाठी पदवीनंतर किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. आठ तासांची ड्युटी धरली तर सव्वाशे ड्युट्या झाल्या. आपल्या सिव्हिलमधल्या पोरी तेवढ्या पहिल्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहज करतात. पण त्यांना त्याबद्दल कुणी पदवी देत नाही, फार तर पुढच्या महिन्याची नाईट देतात. आपल्याकडे मिळते ती संशोधनाची पीएच.डी., आणि ती वॉर्डात मिळत नाही.

पात्रता सोपी आहे. एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत. मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बलांना ५ टक्क्यांची सूट. मग प्रवेश परीक्षा. निम्मे प्रश्न विषयाचे, निम्मे संशोधन पद्धतीचे. रात्री तीन वाजता शिरा न सापडणाऱ्या म्हाताऱ्याला सलाईन लावणं जमत असेल तर छानच, पण त्यावर प्रश्न येत नाही.

जवळ म्हणाल तर कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज आहे, आणि लांब जायची हौस असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहेच. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गाइडकडे मारायच्या खेपांचा विचार करता उच्च शिक्षणाला मिळालेली ही सर्वांत भरीव मदत म्हणावी लागेल.

आता गाइड. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. एखादीचा प्रबंध जमा झाला की जागा सुटते. कारखान्याकडे उसाची नोंद करून तोडीची वाट बघत बसतात तसं बसायचं. फरक इतकाच की उसाला तुरा फुटतो, तुमच्या डोक्यावर पांढरे केस. नोकरी चालू ठेवून पीएच.डी. करायची मुभा आहे, फक्त साहेबांची एनओसी लागते. ती मागायला रजेचे अर्ज थकलेले असतील त्या आठवड्यात जाऊ नका.

विषय निवडताना नवशिक्यांनी धाडस करू नये. अमुक गावातल्या मातांच्या तमुक ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, हा खात्रीचा माल. आधी प्रश्नावली द्या, गुण कमी पडतील. तक्ते दाखवून शिकवा. पुन्हा तीच प्रश्नावली द्या, गुण वाढतील. शिकवल्यावर माणसाला कळतं, हे आपल्या शास्त्रानं इतक्यांदा सिद्ध केलं आहे की शिकवूनही न कळल्याचा एखादा प्रबंध आला तर तोच क्रांतिकारक ठरेल. नमुन्यात ऊसतोड बायका घेणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी दिवाळीआधी हातात पाहिजे. बीडकडची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की जातात. कमिटीची बैठक चैत्रात झाली तर फडात फक्त पाचट शिल्लक असतं.

आणि एक विषय चुकूनही घेऊ नका. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स असावी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. रात्री खाटा मोजा, खाली जमिनीवर गाद्या टाकल्या असतील त्याही मोजा, मग सिस्टर मोजा. भागाकार तोंडी करता येईल, संख्याशास्त्रज्ञ लागणार नाही. इतका सोपा, स्वस्त आणि उपयोगाचा अभ्यास दुसरा नाही. म्हणूनच एनओसी देणारे साहेब त्यावर विचारतील, 'मॅडम, मातांचं काही नाही का?'

पीएच.डी.ची मुदत ६ वर्षं. वाढवून मिळते, आणि बायकांना एकूण १० वर्षांपर्यंत जाता येतं. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा. हे नियम करणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगात कुणीतरी संसार केलेला माणूस असावा. उचलेगिरी १० टक्क्यांपर्यंत चालते. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की साताऱ्यात कंदी पेढे आणि सांगलीत भडंग, यात मात्र संशोधनाला वाव नाही.

पदवी मिळाली. आता काय? प्राचार्यपदासाठी एम.एस्सी. आणि अनुभव आवश्यक असतो, पीएच.डी. नुसती 'इष्ट'. वॉर्डात तर ती कुठल्याच खुर्चीला लागत नाही. म्हणजे रुग्णसेवेतलं सर्वांत जास्त शिकलेलं माणूस रुग्णापासून सर्वांत लांब, कॉलेजच्या वरच्या मजल्यावर बसतं. ही व्यवस्था चूक आहे आणि ती पुस्तिकेनं सुधारणार नाही.

तोवर एवढं करा. प्रबंध इंग्रजीतून शोधगंगेवर जाईल. त्यातल्या निष्कर्षांची दोन पानं मराठीत लिहा आणि जिथून माहिती गोळा केलीत त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात नेऊन द्या. त्याला कुणाची एनओसी लागत नाही.