सहा डोळ्यांदेखत

बँकेत मानवी चूक एकट्याला करता येत नाही. तिला मंजुरी लागते. नोंद करतो तो मेकर, तपासतो तो चेकर आणि रक्कम मोठी असली की वर एक साहेब. सिटीबँकेत या व्यवस्थेला ‘सहा डोळे’ म्हणतात. चेकर मेकरच्या भरवशावर, साहेब दोघांच्या भरवशावर, आणि मेकर निर्धास्त, कारण पुढे दोघे बसलेलेच आहेत.

11 ऑगस्ट 2020 रोजी या सहा डोळ्यांदेखत रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे 78 लाख डॉलर व्याजाऐवजी जवळपास 90 कोटी डॉलर रवाना झाले, तेही बँकेच्या खिशातून. व्याज पाठवताना मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात अडवायचे तर फ्लेक्सक्यूब या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ हे तिन्ही रकाने भरावे लागत. भरला गेला फक्त ‘प्रिन्सिपल’. मुद्दल अडवायला मुद्दलाचा रकाना पुरे, असे तिघांनाही वाटले. सॉफ्टवेअरला ते मान्य नव्हते. याला मानवी चूक म्हणतात. तो पडदा आखणारेही माणसेच असल्याने ते खोटे नाही. फ्लेक्सक्यूब मुंबईच्या आय-फ्लेक्सचे, आणि आय-फ्लेक्स हे मूळचे सिटीचेच अपत्य; ओरॅकलने ते पुढे विकत घेतले. म्हणजे चूक घरातलीच, पैसे तेवढे बाहेर गेले.

काही कर्जदात्यांनी रक्कम परत केली. सुमारे 50 कोटी डॉलर इतरांनी ठेवून घेतले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश जेसी फर्मन यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली: एवढी मातब्बर बँक एवढी मोठी चूक करील, अशी शंका घेणेच अतार्किक ठरले असते. अब्रू अशी भर कोर्टात वाचली. सप्टेंबर 2022 मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला, तेव्हा पैशांचाही मार्ग मोकळा झाला.

यंत्र इशारा देत नाही, अशीही तक्रार नको. मे 2022 मध्ये सिटीच्या लंडनमधील ट्रेडरला 5.8 कोटी डॉलरचे शेअर विकायचे होते. ऑर्डर तयार झाली 444 अब्ज डॉलरची. पडद्यावर 711 इशारे आले. खाली न सरकवता त्यांतल्या पहिल्या 18 ओळीच दिसत. ऑर्डर थांबेपर्यंत 1.4 अब्ज डॉलरचे शेअर विकून झाले होते.

एप्रिल 2024 मध्ये 280 डॉलर जमा करायच्या सिटीतल्याच एका खात्यात 81 लाख कोटी डॉलर नोंदले गेले. पर्यायी यंत्रणेच्या रकान्यात 15 शून्ये आधीच भरून ठेवलेली होती. ती खोडायचे काम माणसाकडे होते. दोघांच्या नजरेतून हे निसटले, तिसऱ्याला दीड तासाने दिसले. पैसे बँकेबाहेर न गेल्यामुळे ही घटना ‘थोडक्यात टळलेली’ या सदरात गेली. एक अब्ज डॉलर वा त्याहून मोठ्या अशा घटना बँकेत त्या वर्षी 10 झाल्या, आदल्या वर्षी 13. सुधारणा आहे.